आजोबा इटलीत होते, मग इटली स्टार कुणाकडे मागायचा?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजला तो असा: आजोबा पाटण तालुक्यातले. १९४१ ला '५ मराठा'त भरती झाले, १९४६ ला घरी आले. लामावरचं, म्हणजे लढाईवरचं, फारसं बोलत नसत, 'इटलीत बर्फात होतो' एवढंच सांगायचे. घरात सहा टोकांचा एक तारा आणि एक गोल पदक आहे. लेस्टरला राहणाऱ्या चुलतभावाने तिथल्या सरकारचा वारसांसाठीचा पदकांचा अर्ज पाहिला आणि तुम्हाला फोन केला. आता तुम्हाला हवंय ते हे, की आजोबांचा नेमक्या किती पदकांवर हक्क होता आणि राहिलेली ब्रिटिश सरकारकडून मागता येतील का.

मी सैन्यात बंदुकीपेक्षा फायलीच जास्त उचलल्या. रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात कारकुनी केली आणि निवृत्तीनंतर सातारा-रत्नागिरीकडच्या घरांची अशी जुनी कागदपत्रं लावून देतो. तुम्ही प्रश्न एकच विचारलाय, पण त्यात तीन गुंतलेत. आजोबांचा हक्क होता का? तेव्हा त्यांच्या नावाने पदक निघालं का? आणि आज ते वारसाच्या हातात कोण देणार? पहिल्याचं उत्तर 'हो' आलं म्हणून पुढच्या दोन्हींचं 'हो' येतं असं नाही. घरोघरी निराशा होते ती इथेच.

आधी '५ मराठा'चा घोळ सोडवू. आज '५ मराठा' म्हटलं की मराठा लाइट इन्फन्ट्रीची पाचवी पलटण. तुमच्या आजोबांच्या वेळी अख्ख्या रेजिमेंटचंच नाव 'पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री' होतं. १९२२ च्या पुनर्रचनेत हा पाचचा आकडा रेजिमेंटला चिकटला. तिच्या पलटणी लिहायच्या १/५, २/५, ३/५ अशा. त्यामुळे 'आजोबा ५ मराठात होते' यावरून ते कुठल्या पलटणीत होते हे कळतच नाही, आणि पदकांचा सगळा हिशोब पलटणीपासूनच सुरू होतो. १/५ आठव्या भारतीय डिव्हिजनबरोबर सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीत उतरली. ३/५ दहाव्या डिव्हिजनबरोबर १९४४ मध्ये आली. २/५ चा मोठा भाग जून १९४२ मध्ये लिबियातलं तोब्रुक पडलं तेव्हा कैद झाला. ४/५ मार्च १९४४ मध्ये मणिपूरच्या सांगशाकला जपान्यांशी लढत होती. रेजिमेंट एकच, पण पदकांचा हिशोब पलटणीगणिक वेगळा.

आता हक्क. दुसऱ्या महायुद्धातले हे तारे, म्हणजे इटली स्टारसारखी मोहिमेची पदकं, शौर्यासाठी नव्हते, हे आधी पक्कं करून घ्या. ते हजेरीचे होते. ३/५ चे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला टायबरच्या वरच्या खोऱ्यात पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. १/५ चे शिपाई नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ च्या सेनिओ नदीवरच्या कामगिरीसाठी तोच सन्मान मिळाला. ते पदक पराक्रमाचं. पण त्याच पलटणीत भाकरी भाजणाऱ्या, नावनोंदणी झालेल्या स्वयंपाक्याचा इटली स्टार आणि या दोघांचा इटली स्टार यांत काडीचा फरक नाही. त्यामुळे 'आजोबा लढले होते का?' हा प्रश्न बाजूला ठेवा. कुठल्या तारखेला त्यांचे पाय कुठल्या जमिनीवर होते, तेवढंच पाहायचं.

तुमच्या कामाचे नियम असे. १९३९-४५ स्टारसाठी भूदलातल्या माणसाचे युद्धक्षेत्रात सहा महिने भरावे लागत. त्याआधीच तो मेला किंवा जखमी होऊन परत पाठवला गेला, तर मुदतीची अट सुटायची. इटली स्टारसाठी ११ जून १९४३ ते ८ मे १९४५ या काळात इटली, सिसिली, ग्रीस, युगोस्लाव्हिया किंवा आसपासच्या बेटांवर युद्धक्षेत्रात एक दिवस पुरे. आफ्रिका स्टारलाही एकच दिवस लागे, पण तो १० जून १९४० ते १२ मे १९४३ मधला हवा आणि उत्तर आफ्रिका, एरिट्रिया, अ‍ॅबिसिनिया अशा ठरलेल्या मुलखातला हवा. वॉर मेडलसाठी कुठेही, अगदी बेळगावच्या परेड मैदानावरसुद्धा, अठ्ठावीस दिवसांची पूर्णवेळ नोकरी पुरायची.

'एक दिवस' वाचून माणसं खूश होतात, पण तारखेची कड मोठी धारदार आहे. इजिप्तमध्ये मे १९४३ च्या पहिल्या आठवड्यात उतरलेल्या माणसाला एकही गोळी न ऐकता आफ्रिका स्टार मिळू शकतो. त्याच बंदरात, त्याच बोटीने जूनमध्ये उतरलेल्याला मिळत नाही. बर्माचं तर याहून गमतीचं आहे. बर्मा स्टारच्या हद्दीत १ मे १९४२ ते ३१ डिसेंबर १९४३ या काळात अख्खा बंगाल आणि आसाम धरलेला होता. १ जानेवारी १९४४ पासून हद्द आक्रसली आणि ब्रह्मपुत्रा-मेघनेच्या पूर्वेचा भागच राहिला. त्यामुळे कलकत्त्याकडे एकाच कामावर असलेल्या दोन माणसांपैकी १९४३ वाला आत आणि १९४४ वाला बाहेर असं होऊ शकतं. यात न्याय शोधायला जाऊ नका, कागद शोधा.

इथे मी स्वतः एकदा चांगला तोंडघशी पडलोय, ते सांगतो. महाडकडचं एक कुटुंब आलं होतं. आजोबा ३/५ मध्ये, एवढं नक्की होतं. ३/५ ही मार्च १९४१ मध्ये एरिट्रियात केरेनच्या लढाईत होती, हे मला पाठ. मी तिथल्या तिथे सांगून टाकलं, 'आफ्रिका स्टार आहेच तुमचा.' घरात पेढे वाटले गेले. चार महिन्यांनी शीट रोलचा, म्हणजे शिपायाच्या नोकरीच्या नोंदीच्या कागदाचा, उतारा आला. आजोबा ड्राफ्टमधून, म्हणजे कुमक म्हणून, जून १९४३ ला पलटणीत दाखल झालेले. पलटण केरेनला होती, आजोबा तेव्हा गावात नांगर धरून होते. ते सांगायला परत महाडला गेलो तेव्हा पायात पाय अडकत होते. तेव्हापासून पलटणीचा इतिहास वाचून माणसाची पदकं सांगायची नाहीत, असा नियमच केलाय. पलटण आणि माणूस यांच्या तारखा जुळल्या तरच बोलायचं.

तुमच्या आजोबांचा हिशोब मांडून पाहू, पण यातली प्रत्येक ओळ कागद आल्यावर तपासायची आहे. १९४१ ला भरती, म्हणजे आधी काही महिने बेळगावला रंगरूट. ते दिवस वॉर मेडलसाठी मोजले जातात, ताऱ्यांसाठी नाही. मग समजा १/५ मध्ये गेले. आठवी डिव्हिजन इटलीला जाण्याआधी इराक, इराण, सीरियाकडे होती. तिथला हा बहुतेक काळ 'युद्धक्षेत्र' धरला जात नाही, मग त्या दिवसांचं काय? त्यासाठी डिफेन्स मेडल होतं. स्वतःच्या देशाबाहेर, लढाई नसलेल्या मुलखात एक वर्ष काढलेल्याला ते लागू व्हायचं. आजोबा १९४२ मध्येच बोटीत चढले असतील तर हे वर्ष भरू शकतं. १९४३ च्या उन्हाळ्यात ड्राफ्टमधून गेले असतील तर भरणार नाही. पुढे सप्टेंबर १९४३ नंतर इटली, तिथे सहा महिने सहज. बर्फाची आठवण अ‍ॅड्रियाटिक बाजूच्या सांग्रो-ओर्तोनाकडच्या १९४३ च्या हिवाळ्याची असू शकेल किंवा पुढच्या वर्षीच्या गॉथिक लाइनवरच्या, म्हणजे उत्तरेकडच्या जर्मन बचावफळीवरच्या, डोंगरांतली. दुसरी असेल तर ३/५ चीही शक्यता उरते. म्हणजे बर्फावरून पलटण ठरत नाही, पण इटली स्टार जवळपास ठरतो.

तर माझा अंदाज: १९३९-४५ स्टार, इटली स्टार, वॉर मेडल ही तीन जवळजवळ नक्की. डिफेन्स मेडल एका वर्षाच्या मोजणीवर. आफ्रिका स्टार त्यांच्या बोटीच्या तारखेवर, आणि मी त्यावर पैज लावणार नाही. भारतातच तीन वर्षं काढलेल्यांसाठी इंडिया सर्व्हिस मेडल होतं, पण परदेशी गेलेल्या माणसाची भारतात तीन वर्षं भरणं अवघड, शिवाय डिफेन्स मेडलवाल्याला ते दिलं जात नसे. १९४६ ला घरी आले म्हणजे १५ ऑगस्ट १९४७ ला नोकरीत असलेल्यांचं स्वातंत्र्य पदक नाही.

घरातल्या दोन वस्तूंकडेही नीट बघा. ताऱ्याच्या मधोमध राजाची मोहोर आणि तिच्याभोवती गोल पट्टीवर नाव असतं. फीत हिरवी-पांढरी-लाल असेल तर इटली, कारण ते इटलीच्या झेंड्याचेच रंग. गोल पदकाच्या मागे दोन तोंडांच्या राक्षसी प्राण्यावर उभा राहिलेला सिंह असेल तर वॉर मेडल. झाड, त्यावर मुकुट आणि दोन्ही बाजूंना सिंह असतील तर डिफेन्स मेडल. हिंदुस्थानचा नकाशा असेल तर इंडिया सर्व्हिस मेडल, आणि मग माझा वरचा सगळा हिशोब पुन्हा मांडावा लागेल. फितीवर मात्र फार विसंबू नका. सणासुदीला कुणीतरी तारा काढून दुसऱ्याच फितीला टाचलेला मी अनेक घरांत पाहिलाय.

याहून मोठा पुरावा कोरलेल्या नावाचा. ब्रिटिश सैनिकांना ही पदकं नावाविनाच दिली गेली. भारतीय सैन्यातल्यांच्या पदकांवर मात्र नंबर, हुद्दा, नाव आणि रेजिमेंट कोरलेली असायची. ताऱ्याच्या मागच्या सपाट बाजूला आणि गोल पदकाच्या कडेवर भिंग धरून पाहा. नंबर सापडला तर अर्धं काम झालं. नाव इंग्रजीत आणि ओळखू न येण्याइतकं मोडलेलं असेल, घाबरू नका. भरतीच्या टेबलावर कारकुनाने जसं ऐकलं तसं लिहिलं. आडनावाच्या जागी वडिलांचं नाव, गावाऐवजी शेजारच्या बाजाराच्या गावाचं नाव, हे नेहमीचंच. आणि नाव दुसऱ्याच कुणाचं निघालं, तर तेही वाईट वाटून घेऊ नका. बराकीत अदलाबदली होत, आणि पडलेल्या मित्राचा बिल्ला जपून ठेवणारेही होते.

आता लंडनचं. चुलतभावाने पाहिलेला अर्ज खरा आहे. ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयाचं पदक कार्यालय ग्लॉस्टरजवळ आहे आणि मृत सैनिकाची न घेतलेली पदकं ते वारसाला देतं, तीही विनामूल्य. पण ते ब्रिटिश सैन्यातल्यांची. १९४७ पूर्वीचं भारतीय सैन्य राजाच्याच मुकुटाखाली असलं तरी वेगळं सैन्य होतं, त्याची पदकं भारतातल्याच रेकॉर्ड ऑफिसांतून निघत आणि फाळणीनंतर शिपायांची कागदपत्रं ज्याची रेजिमेंट त्याच्याकडे गेली. पंजाब किंवा फ्रंटियर फोर्सच्या बऱ्याच पलटणी पाकिस्तानात गेल्या, मराठा रेजिमेंट भारतात राहिली. ब्रिटिश लायब्ररीत जुन्या भारतीय सैन्याच्या फायली आहेत, पण त्या अधिकाऱ्यांच्या. तुमच्या आजोबांसारख्या शिपायाचा शीट रोल तिथे नाही. त्यामुळे लेस्टरहून केलेल्या अर्जाला 'संबंधित देशाकडे विचारा' असं सभ्य उत्तर येईल. पदकावर परदेशी राजाचं तोंड आहे म्हणून त्या राजाच्या वारसांकडे मागायचं, हे मनाला पटतं खरं. पण कागद बेळगावात आहे.

व्यापारी बोटींवर खलाशी असलेल्यांना किंवा रॉयल इंडियन नेव्हीत असलेल्यांना हे उत्तर जसंच्या तसं लागू नाही. त्यांची मोजणी समुद्रावरच्या दिवसांवर चालते आणि त्यांचे दप्तरही वेगळे. कोकणातली बरीच मंडळी हा फरक न करता बेळगावला पत्र धाडतात आणि सहा महिने वाट पाहतात.

तुम्ही करायचं ते असं. बेळगावच्या मराठा रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला साधं पत्र लिहा. त्यात नंबर असेल तर नंबर, नाव सगळ्या शक्य स्पेलिंगांत, वडिलांचं नाव, गाव, तालुका, जिल्हा, आणि भरती व सुटकेची साधारण वर्षं. जिल्हा त्या वेळचा लिहा. आजचा सांगली जिल्हा तेव्हा नव्हता, आणि तिकडची माणसं 'सांगली' लिहितात म्हणून फाईल सापडत नाही. तुमचं पाटण साताऱ्यातच आहे, ते एक बरं. सोबत मृत्यूचा दाखला, तुमचं नातं दाखवणारा कागद आणि पदकांचे दोन्ही बाजूंचे फोटो जोडा. मागणी मात्र 'पदकं द्या' अशी करू नका. 'सेवेचा तपशील आणि पदकांची नोंद कळवावी' अशी करा. पहिल्या मागणीला नकार सोपा असतो, दुसऱ्या मागणीला कारकुनाला रजिस्टर उघडावं लागतं. मी त्या खुर्चीवर बसलेलो आहे.

पत्र पाठवण्याआधी साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एक चक्कर मारा. आजीला दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकाची विधवा म्हणून राज्य सरकारचं अनुदान कधी मिळालं असेल, तर डिस्चार्ज बुकाची नक्कल त्या फायलीत असण्याची शक्यता बरीच. ट्रंकेत न सापडलेला कागद तिथे सापडल्याचं मी किती वेळा पाहिलंय.

उत्तर काय येईल? नोंद सापडली तर हक्काची यादी कळेल. पदक 'दिलं' अशी नोंद असेल आणि घरात नसेल, तर ते मोडीत गेलं, हरवलं किंवा कुणी नेलं, त्याची भरपाई नाही. 'दिलं नाही' असं निघालं तर विनंती करून पाहा, पण ऐंशी वर्षांपूर्वीच्या ब्रिटिश पदकाची मूळ प्रत आज हातात पडेल असं मी कुणालाच सांगत नाही. माझ्या पाहण्यात बहुतेक घरांना शेवटी मिळालं ते शिक्क्याचं पत्र. त्या पत्रावरून छावणीतल्या पदकवाल्याकडून नक्कल करून घेता येते, घरच्या चौकटीसाठी त्यात काही गैर नाही. फक्त नकलेवर आजोबांचा नंबर कोरून घेऊ नका. पुढच्या पिढीला ते अस्सल वाटेल आणि माझ्यासारखा कुणीतरी पुन्हा फसेल. आणि 'लंडनहून मिळवून देतो' म्हणत पैसे मागणारा कुणी भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

चुलतभाऊ रिकामा बसायला नको, त्याच्यासाठी एक खरं काम आहे. लंडनमध्ये क्यू इथे ब्रिटनचं राष्ट्रीय अभिलेखागार आहे, तिथे पलटणींच्या युद्ध-रोजनिश्या जाऊन वाचता येतात. १/५ आणि ३/५ दोन्हींच्या पाहायला सांगा: कुठल्या तारखेला कुठल्या बंदरात उतरली, ड्राफ्ट कधी आले, बर्फ कधी पडला. शोधताना रेजिमेंटचं नाव जुन्या इंग्रजी स्पेलिंगने घालायचं, त्यात 'मराठा' शब्दातला 'एच' 'आर'च्या आधी येतो आणि 'टी' दोन असतात (Mahratta). शिपायांची नावं रोजनिशीत क्वचितच येतात, पण बेळगावहून आलेल्या तारखा त्यासमोर ठेवल्या की आजोबा कुठे होते ते दिवसाच्या हिशोबाने दिसायला लागतं. आणि कधी सुट्टी काढून इटलीला गेलाच, तर पेरुजाजवळच्या मोन्तोने गावात थांबू दे. यशवंत घाडग्यांच्या नावाने तिथल्या लोकांनी २०२३ मध्ये घड्याळाचं, म्हणजे उन्हाच्या सावलीवरच्या घड्याळाचं, स्मारक उभारलंय.

नोव्हेंबरातल्या ब्रिटनच्या युद्ध-स्मृतिदिनाला तो आजोबांची पदकं लावणार असेल तर उजव्या छातीवर. डावी बाजू ज्याने मिळवली त्याची.

आता आधी भिंग घ्या आणि ताऱ्याच्या मागे काय आहे ते कळवा. चिंच-राख लावून घासू मात्र नका, कोरलेलं उथळ असतं, पहिल्यांदा नंबरच जातो.